मालकाचं बॅनर

आमच्या फाट्यावर पयलं बॅनर लागलं तवा म्या रडायला गेले व्हते.

कळंबचा बाजार करून बसमधनं उतरले आन वर बगितलं, तर आमच्या आळीतलं पोरगं एवढं मोठं लटकलेलं. कपाळाला टिळा, हात जोडलेले. मला वाचाया येत न्हाय, म्या तोंडावरनं वळखते. आन आमच्यात फोटो मोठा करायचा म्हंजी माणूस गेल्यावर. पदर तोंडाला लावला आन सरळ त्याच्या दारात जाऊन बसले. त्याची आई भाकरी थापीत व्हती.

"काय झालं वं काकू?"

"आगं, सोन्यासारखं लेकरू तुझं..."

तेवढ्यात ते लेकरू केस विंचरीत बाहीर आलं. "काकू, वाढदिवस हाय माझा. केक खाऊन जावा."

म्या केक खाल्ला. काय करती? लई दिवस गावात माझी चेष्टा चालली. पोरं म्हणायची, "काकू, उद्या माझं बॅनर लागणार हाय. रडायला लवकर या."

मग जे सुरू झालं ते थांबंचना. दहावी पास झाला, बॅनर. ट्रॅक्टर आणला, बॅनर. एकानं बैलाचा वाढदिवस केला, बैलाच्या गळ्यात हार आन खाली धा पोरांची तोंडं, डोळ्याला काळे गॉगल. फाट्यावरचं लिंबाचं झाड दिसंना. बस कुठनं येती ते बगायला माणसं बॅनरखालनं वाकून बगायची. जित्या माणसाचं तोंड असं वाऱ्यावर टांगलेलं बगितलं की माझा हात दर बारीला पदराकडं जायचा.

आन मग आमचे मालक गेले.

आमी दोघं जलमभर ऊस तोडायला कोयत्यावर गेलो. दसरा झाला की बिऱ्हाड उचलायचं, कारखान्याच्या वावरात पाचटाची कोपी घालायची. एका साली ऊस तोडताना पान मालकाच्या डाव्या डोळ्यात घुसलं. मुकादम म्हणला, गाडी भरा, मग दवाखाना. गाडी भरली आन मग गेलो. डोळा वाचला, पापणी पडली ती पडलीच. तवापासनं आर्ध्या डोळ्यानं बगायचे. त्या डोळ्यात हसत्यात का रागावल्यात, ते माझं मलाच कळायचं.

त्यांचा फोटो एकच. तोड संपवून येताना तुळजापूरला उतरलो व्हतो, तिथं पायऱ्यांपाशी फोटोवाल्यानं काढलेला. आधार कार्डावर नुसता काळा ठिपका हाय.

लेक त्यो फोटो घेऊन कळंबला गेला आन बॅनर करून आणलं. म्या उलगडून बगितलं. गोरं तोंड, काळे केस, अंगात कोट, गळ्यात टाय. जलमात त्या माणसानं कोट घातला न्हाय. डावा डोळा टक्क उघडा.

"ह्ये कोण रं?"

"आई, आता असंच करत्यात सगळे."

"डोळा कुठाय त्यांचा?"

"दुकानदारानं नीट केलाय."

नीट केलाय. त्येला कुणी सांगितलं व्हतं?

"आन माझा तुळजापूरचा फोटो?"

फोटो दुकानातच ऱ्हायला व्हता. कंप्युटरमधी हाय, जाणार कुठं, म्हणला दुकानदार. दोन-चार चकरा झाल्या, फोटो काय घावला न्हाय. इकडं दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी फाट्यावर टांगलेल्या मालकाच्या जागी कुणाचा तरी वाढदिवस लागला. मालकाला कुणी उतरवलं, कुठं न्हेलं, कुणालाच ठाव न्हाय.

पुढं ते बॅनरचं याड कधी सरलं तेबी कळालं न्हाय. आता पोरं मोबाईलवर स्टेटस का काय ठेवत्यात, ते दुसऱ्या दिशी आपोआप जातंय म्हणं. त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळत्यात. कंप्युटर इकला. म्हंजी माझा फोटोबी गेला. राती डोळं मिटलं की त्यो कोटवालाच म्होरं यायचा, मालक येईनात.

जुनी बॅनरं आता कडब्याच्या गंजीवर, शेळ्यांच्या छपरावर. परवा धाकट्या जावंकडं गेले तर तिनं अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं. म्या कडंला बसले आन हातानं दाणं सारलं. खालून टाय दिसला.

म्या दाणं सारीत वर वर गेले.

"आवं, सांडताय कशाला जाऊबाई?" म्हणत ती आली, आन तिथंच थांबली. तिनं पयला पाय मागं घेतला आन डोईवर पदर ओढला, मालक समोर बसल्यावर घ्यायची तसा. "आगं बया. भावजी. म्या सदा मागची पांढरी बाजू वर करती वं, तोंड कुणाचं कधी बगितलं न्हाय. आज घाईत उलटं पडलं."

म्या कुठं ऐकत व्हते. तिनं घडी घालून माळ्यावर ठिवलेलं, ती घडी बरोबर डाव्या डोळ्यावरनं गेली व्हती. तिथला रंग उडालेला, पापणी आर्धी खाली आल्यावाणी. कोट तसाच व्हता. पण बगत व्हते ते मालक व्हते.

आमी दोघींनी मिळून दाणं पोत्यात भरलं. बॅनर म्या घरी आणलं.

संध्याकाळी लेक म्हणला, "आई, उन्हात ताणून ठिवतो, घडी निघून जाईल."

"हात लावू नगंस तिला," म्या म्हणलं. त्याच घडीवर घडी घालून माझ्या पेटीत ठिवलंय.