देवघरातल्या काचा

रक्ताच्या डॉक्टरशी लग्न झालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चांद्याला आलो त्या वर्षी मी लक्षवातींचा नेम धरला होता. मधल्या खोलीत बसून वाती वळायच्या आणि बाहेर यांचे रोगी काय बोलतात ते आपोआप कानावर पडायचं. लाख वाती पुऱ्या झाल्या, उद्यापनही झालं. किस्से अजून उरलेत! निम्मे ऐकताना मी कपाळावर हात मारला आहे. उरलेल्या निम्म्यांत तर मीच आहे.

* * *

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. रक्ताचा डॉक्टर म्हणजे काय, हे जिल्ह्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. माजरीच्या खाणीवरचा एक मुकादम गाल धरून आला. दात किडलेला.

हे म्हणाले, “मी दाताचा नाही, रक्ताचा डॉक्टर आहे.”

तो अंगणात लालभडक थुंकला आणि बोट दाखवून म्हणाला, “मंग हे का पाणी व्हय?”

यांनी दात काढला. माझी लवंगांची डबी रिकामी झाली. आठवड्याने तोच मुकादम मेव्हण्याला घेऊन हजर! मेव्हण्याच्या पायाला कुऱ्हाड लागलेली. दारातूनच ओरडला, “डाक्तरसाहेब, तुमच्याच खात्यातलं आनलं!”

* * *

यांना मात्र जो दिसेल त्याच्या बोटातला थेंब हवा असायचा. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. वाण द्यायला वळते, तो हे सुई आणि स्पिरिटचा बोळा घेऊन दारात उभे! “वहिनी, एकच थेंब.”

तिघी तिळगूळ न घेताच पळाल्या. एक बोट तोंडात घालून गेली. सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, “अहो, घरी आलेल्या सवाष्णींना असं टोचतात का?”

“तू सगळ्यांच्या कपाळाला बोट लावलंस, मी काही म्हटलं?”

पुढच्या वर्षी वाण माझ्याच घरी पडून राहिलं.

* * *

पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातून तानाबाई यायची. बरोबर सून कौशी आणि नात फुली. फुली सहा वर्षांची. दर महिन्या-दीड महिन्याने हातपाय धरून विव्हळायची, डोळे पिवळे व्हायचे. कौशी तिला मांडीवर घेऊन गप्प बसायची. बोलायची ती तानाबाई.

“डाक्तरभाऊ, इच्या माहेरचं रगतच खराब! इच्यापासूनच पोरीले लागलं. पोळ्यापावतर पोरगी सुदरली नाई, त दोघीले माहेरी धाडतो. पोरासाठी दुसरी पाहून ठेवली हाये.”

आत माझ्या हातातली वात तुटली. दोष सुनेचाच, हे या लोकांना तपासण्याआधीच कसं कळतं देव जाणे!

कौशी स्वतःच कागदासारखी पांढरी दिसत होती. यांनी तिच्यासाठी ताकदीच्या औषधाची बाटली दिली. महिन्याने आली ती तशीच पांढरी. तानाबाईचे गाल मात्र वर आलेले!

“बाटली कोणी प्यायली?” यांनी विचारलं.

“मी! घरात पहिले मोठ्या मानसाले देत असतेत. इनं बुडातली चाटली न!”

* * *

फुलीचा आजार यांनी ओळखला होता. तो आई आणि बाप दोघांकडून येतो, एकट्या आईकडून येत नाही, हे तानाबाईला सांगून सांगून यांचा घसा बसला. “दाखवा,” ती म्हणायची.

दाखवायचं तर थेंब दोन काचांमध्ये धरायचा, कडांना व्हॅसलीन लावायचं आणि हवा तुटल्यावर रक्तातले गोल कण वाकडे होतात का, ते दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून बघायचं. यांनी कौशीच्या आणि फुलीच्या काचा ठेवल्या कुठे, तर माझ्या देवघरात! का, तर तिथे मांजर जात नाही. मला एका शब्दाने सांगितलं नाही.

सकाळी पूजेला बसले. तबकात काचा ओळीने मांडलेल्या. मला वाटलं, यांनी कुठून तरी देवाचं काही आणलं. गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता!

“आता काय लिहू? रुग्णाच्या रक्तात तांदूळ आढळले?”

“देवापुढे ठेवलंत, तर पूजा होणारच!”

भांडले खरी, पण काचा वाया गेल्या त्या गेल्याच. पोळा तीन आठवड्यांवर आला होता.

* * *

पाप माझं, तेव्हा पुन्हा थेंब आणायची फेरीही मीच करावी म्हणून यांच्याबरोबर बैलगाडीने तानाबाईच्या गावी गेले. नेमका माझा सोळा सोमवारांतला सोमवार. गावात बातमी आधीच पोचलेली, की डॉक्टर रक्त नेऊन पुलाच्या पायात ओततो. कोणी बोट देईना. गावचा म्हातारा म्हणाला, “पहिले तुह्या बायकोचं काढ.”

मी हात पुढे केला. म्हाताऱ्याने माझं तोंड पाहिलं. “बाई, जेवली का?”

“उपास आहे.”

झालं! सगळा गाव यांच्यावरच उलटला. “उपाशी बाईचं रगत काढून राह्यला! पहिले तिले जेवू घाल!”

मी जेवेपर्यंत कोणी बोट देईना, आणि संध्याकाळच्या पूजेआधी मी जेवेना. अख्खा गाव माझ्याभोवती बसून सूर्य मावळायची वाट बघत होता! दिवा लागला, मी भाताचा घास घेतला, आणि रांग लागली.

“तुझ्या महादेवाने माझा दिवस खाल्ला,” हे म्हणाले.

“बोटंही त्यानेच दिली!”

बोट दिलं नाही ते फक्त तानाबाईने आणि कौशीच्या नवऱ्याने. त्याला मायने बजावलं होतं. तो खाली मान घालून बैलाचं शिंग पुसत राहिला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सोमवार होता म्हणून थांबले.

* * *

पोळ्याला चार दिवस उरले असताना तानाबाई आपण होऊन आली. सून आणि नात मागे.

“पोराचं नाई देत. माह्यं घ्या! पाहून टाका, आमच्या घरान्याचं रगत कसं असते ते.”

यांनी थेंब घेतला, काच बंद केली, दुर्बिणीखाली धरली. तानाबाई एक डोळा मिटून वाकली. “गोल गोल! मसुरीच्या दाळीवानी! पाह्य व कौशे!”

“उद्या बघू,” हे म्हणाले.

तिघी आमच्याच ओसरीवर राहिल्या. सकाळी यांनी काच पुन्हा लावली, स्वतः आधी पाहिली आणि बाजूला झाले. तानाबाई वाकली. डोळा बदलून पुन्हा पाहिलं.

“हे त इळे व्हय,” ती म्हणाली. “धान कापाचे इळे.”

“फुलीच्या रक्तातही हेच आहेत, तानाबाई. कौशीच्याही.”

“काच बदलली त नाई?”

“देवघरात होती,” मी म्हटलं. “आज मी कुंकूसुद्धा वाहिलं नाही.”

यांनी समजवायला तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच गप्प केलं. तानाबाई ओसरीवर गेली. कौशीच्या मांडीवरून फुलीला उचलून स्वतःच्या कडेवर घेतलं. कौशी घाबरून उभीच राहिली.

निघताना पायरीवरून तानाबाई माझ्याकडे वळली.

“बाई, तुमी एवढे उपासतापास करता. देलेल्या शिव्या वापस घ्याचं कोनतं वरत हाये का व?”