एकेचाळीस नंबरची व्हर्लीन स्टेमी

व्हर्लीन स्टेमीनं मोज्यांच्या गिरणीत एकतीस वर्षं टाचा शिवल्या, पण सिडर फोर्क गावात तिची ओळख सांगताना गिरणीचं नाव कुणी काढत नसे. ‘एकेचाळीसवाली’ म्हटलं की भागायचं. एकेचाळीस हा कॉय लेडबेटरच्या शर्यतीच्या गाडीचा नंबर. कॉयनं शर्यती सोडून एकोणीस वर्षं झाली होती, तरी तो आकडा व्हर्लीनच्या टपालपेटीवर होता, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर होता आणि चर्चला घालायच्या हॅटवरही होता. हॅटवर मात्र आतल्या बाजूनं, कारण पाद्रीबुवा आठ नंबरचे.

तिचा नवरा हॉईटही आठ नंबरचाच. आठ म्हणजे शर्यतीतला कॉयचा प्रतिस्पर्धी डिलार्ड प्रूईट. लग्नाआधी त्यानं हे लपवलं, असं व्हर्लीन सांगे. तिनं विचारलंच नव्हतं, असं तो सांगे. संसार बाकी सुखाचा होता.

त्या उन्हाळ्यात काउंटीच्या मंडळानं ठरवलं, की जुन्या बंद पडलेल्या शर्यतीच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या सगळ्यांत लाडक्या ड्रायव्हरचं नाव द्यायचं. लोकांनीच मत द्यावं, माणशी एक चिठ्ठी, पेटी अग्निशमन ठाण्यात. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून बोलावलेल्या सभेला सात माणसं आली होती. या सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत.

व्हर्लीन कामाला लागली. केस करायच्या दुकानात, किराण्याच्या रांगेत, एकदा तर दफनाच्या वेळी मेलेल्याच्या भावाला गाठून तिनं कॉयचा प्रचार केला. आपलं स्वतःचं मत तिनं राखून ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं टाकायचं.

मग तिनं कॉयलाच पत्र घातलं. तो दोन काउंट्या पलीकडे गवत कापायची यंत्रं विकत होता. गुडघ्याच्या डॉक्टरकडे इकडे यायचंच होतं, म्हणून जेवायला येतो म्हणाला.

व्हर्लीननं कोंबडी तळली, राजमा शिजवला, मक्याची भाकरी केली, केळ्याचं पुडिंग केलं. कॉय आला तो धापा टाकतच. माणूस बुटका निघाला. गाडीत बसलेला असताना हे कधी कळलं नव्हतं.

“मिस्टर लेडबेटर,” ती म्हणाली. “एकाहत्तर सालची शर्यत. शेवटच्या वळणावर तुम्ही प्रूईटला आतल्या बाजूनं मागं टाकलंत, तेव्हा मी कुंपणाला चिकटून उभी होते. तुमच्या चाकाचा चिखल माझ्या तोंडात गेला. दोन दिवस मी दात घासले नाहीत!”

“शेवटचं वळण?” कॉय घास चावत आठवू लागला. “हां, हां. अहो बाई, मागं कसला टाकतोय! माझे ब्रेक गेले होते. मला थांबताच येईना. प्रूईट बाजूला सरला म्हणून दोघं वाचलो.”

हॉईटनं काटा खाली ठेवला. “व्हर्लीन, ऐकलंस ना?”

“भाकरी घे आणि गप जेव,” ती म्हणाली.

“प्रूईटसारखा ड्रायव्हर झाला नाही,” कॉय म्हणाला. “आत्ता येता येता ठाण्यात थांबलो होतो. चिठ्ठी टाकली त्याच्या नावाची.”

पुडिंग वाढताना व्हर्लीननं कॉयच्या वाटीत अर्धाच चमचा घातला.

तो गेल्यावर ती बराच वेळ भांडी घासत राहिली. शेवटी म्हणाली, “या माणसाला काही माहीत नाही.”

“कशाबद्दल?”

“कॉय लेडबेटरबद्दल.”

दुसऱ्या दिवशी केस करायच्या दुकानात ती सगळ्यांना सांगत होती, “ब्रेक नसताना जिंकला तो! तुमच्या प्रूईटला चारही ब्रेक धड असून जमलं नाही!” बायका थक्क झाल्या. हा मुद्दा इतका चालला, की दोन दिवसांत प्रूईटवाले सांगायला लागले, प्रूईटचे तर डोळेच अधू होते.

शेवटच्या दिवशी ती हॅट घालून ठाण्यावर गेली. बंबवाल्यांच्या नायकाची बायको आर्ब्युटस पेटीशी बसली होती. ती कानाशी लागली, “प्रूईट फार पुढे आहे गं. त्याला आता गाठलाच तर टोड व्हिकरी गाठेल. तुझ्या कॉयचं काही खरं नाही.”

टोड व्हिकरीनं उभ्या आयुष्यात एक शर्यत जिंकली नव्हती. गाडी मात्र बावीस वेळा उलटवली होती, आणि दर वेळी खिडकीतून बाहेर रांगून येत लोकांना हात केला होता.

व्हर्लीन पेन्सिल धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे कॉय आला, चिखलात माखलेला, उंच. मग रस्त्यावरच्या पाटीवर ‘प्रूईट’ आलं, आणि त्या पाटीखाली दात काढून उभा असलेला हॉईट. तिनं चिठ्ठीवर ‘व्हिकरी’ लिहिलं, चार घड्या घातल्या आणि पेटीत ढकलली. कुणाकडे न बघता ती बाहेर पडली.

निकाल लागला. व्हिकरी सहाशे अकरा. प्रूईट ऐंशी. कॉय एकोणसाठ. आर्ब्युटस येणाऱ्या प्रत्येकाच्या कानाशी लागली होती, आठवाल्यांना तेवढं कॉय फार पुढे आहे असं सांगत होती. टोड व्हिकरी तिचा मावसभाऊ, हे लोकांना नंतर आठवलं.

पाटीच्या समारंभाला व्हिकरी आला, हात केला, आणि गाडी मागे घेताना त्यानं पाटीचा खांबच वाकवला. लोक आनंदानं वेडे झाले.

समारंभ आटोपून दोघं गाडीतून घरी निघाली.

“तू कुणाला दिलंस मत?” व्हर्लीननं विचारलं.

“प्रूईटला. दुसऱ्या कुणाला देणार?” तो म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. “आणि तू?”

“विचारायची गोष्ट आहे का ही!”

मग दोघांनी मिळून व्हिकरीला अशा शिव्या घातल्या, की घर कधी आलं ते कळलं नाही.