पंख्याचं बटण

१४ मे. ऊन चढायच्या आत वाळवणाच्या बिबड्या घालून टाकाव्यात म्हणून मी गच्चीवर होते. पहाटेच ज्वारीचा घाटा शिजवला होता आणि ओल्या धोतरावर शेवटची ओळ थापत होते. खालून नवऱ्याने हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून हात न धुताच खाली आले.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. चहा पिऊन झाला होता, कप जागेवर होता, मान कलली होती. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि मान हलवली.

सासूबाईंचा मोतीबिंदू आमच्या क्लबच्या शिबिरात निघाला होता. आम्ही बायकांनी चालवलेला सेवा क्लब आहे, जळगावातलाच. ऑपरेशननंतर त्यांना सगळ्यात आधी दिसलं ते माझ्या ओट्याखालचं जाळं. त्यावरून मी पुढे कितीतरी दिवस बोलणी खाल्ली. पण तेव्हापासून येईल त्याला त्या सांगायच्या, "मी गेले की माझेही डोळे द्या कोणाला तरी." मुलासमोर बोलल्या, माझ्यासमोर बोलल्या. त्यामुळे आता ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी धरून चालले.

क्लबमध्ये नेत्रदानाचं काम माझ्याकडे आहे. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात जाऊन बोलावं लागतं, म्हणून ते कोणी घेत नाही. काय करायचं ते मला पाठ आहे. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली दोन उशा. सहा तासांच्या आत नेत्रपेढीचा माणूस यायला हवा आणि उन्हाळ्यात त्याहून लवकर. आणि पंखा बंद. वाऱ्याने बुबुळं सुकतात, मग ती कोणाच्याच कामाची राहत नाहीत.

हे सगळं केलं. नेत्रपेढीला फोन लावला तर त्यांचा तंत्रज्ञ रात्रीच दुसऱ्या एका घरी धुळ्याला गेलेला. मग त्यालाच फोन केला. "इथलं आटोपलं की निघतोच," तो म्हणाला.

माझी नणंदही धुळ्यालाच असते. नवऱ्याने तिला कळवलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी डोळ्यांचं सांगितलं.

"मी येईपर्यंत माझ्या आईला कोणी हात लावायचा नाही. डोळे तर नाहीच नाही," नणंद म्हणाली आणि फोन ठेवला.

माणसं जमायला लागली. जळगावचा मे महिना, एक खोली, त्यात पंधरा-वीस बायका आणि बंद पंखा. कोणीतरी उठून बटण दाबलं. मी जाऊन बंद केलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. कारण सांगितलं, पण रडण्याच्या आवाजात ते किती जणींना ऐकू गेलं कोण जाणे.

मागून एक बाई म्हणाली, "आजच्या दिवस तरी लाइटबिल नको बघू गं."

दोघीतिघी पदराआड हसल्या.

असोद्याहून आबा आले, म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर. मोटारसायकलवर मागे बसून आले होते, चेहरा लालबुंद. आल्या आल्या वर बघितलं.

"पंखा लाव ना वं माय. जीव जाऊन राह्यला लोकाईचा."

नवऱ्याने त्यांना डोळ्यांचं सांगितलं. आबांनी वहिनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पोरगी येयेल नाही अजून, अन् तुम्ही डोये काढतं? पुढच्या जन्मी आंधयी करतं का तिले? अन् मोतीबिंदूवाले डोये कोनाच्या कामाचे?"

"आबा, पूर्ण डोळा कोणाला बसवत नाहीत. वरचा पारदर्शक पडदा तेवढा लागतो. मोतीबिंदू त्याच्या आत असतो," मी म्हणाले.

"मी तुले नाही इचारलं."

आबांनी स्वतः जाऊन पंखा लावला. कापसाचा एक कोपरा हलायला लागला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पुटपुटला, "त्यांना काय बोलू मी?"

लोकांच्या घरात मी दारातूनच सांगते, पंखा बंद करा. कोणी उलटून बोलत नाही. साडीला क्लबचा बिल्ला असतो आणि मी कोणाची काही लागत नाही, म्हणून ऐकतात. इथे मी सून होते. सुनेने मयताच्या खोलीत तीनदा बटण दाबलं, एवढीच बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली असती. बिल्ला कपाटात होता, आणि लावला असता तरी हसंच झालं असतं.

मी कापूस पुन्हा भिजवला, आत गेले आणि क्लबच्या अध्यक्षांना फोन केला. "माझ्याच घरी आहे. पंखा बंद राहत नाही," एवढंच बोलले.

त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. रिक्षाने आल्या. पाठोपाठ आमची केळीच्या ट्रान्सपोर्टवाली मैत्रीण बर्फाची लादी घेऊन आली. दोघींच्या साडीला बिल्ले होते. अध्यक्षांनी सासूबाईंना नमस्कार केला, पंखा बंद केला, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि स्विचबोर्डाला डोकं टेकून बसल्या. आता बटण दाबायचं तर त्यांचं डोकं बाजूला करावं लागलं असतं.

"आबा, तुम्ही सगळे बाहेर ओट्यावर बसा. कूलर तिकडे लावते. इथे फक्त आम्ही दोघी बसू," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कोन?"

"क्लबवाली. तुमच्या वहिनींनी आम्हाला शब्द दिला होता, तो मागायला आले."

आबांनी त्यांच्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरगी हो म्हनली तं माझी ना नाही. ती नाही म्हनली तं तुम्ही तुमच्या घरी."

म्हणजे सगळं नणंदेवर आलं. नवऱ्याने फोन केला तर ती धुळ्याच्या स्टँडवर उभी, एसटीचा पत्ता नाही. अध्यक्षांनी त्याच्याकडून तिचा नंबर घेतला आणि धुळ्याच्या क्लबातल्या एका बाईंना फोन करून तो दिला. त्या बाईंना मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. त्यांनी स्टँडवर जाऊन नणंदेला गाठलं आणि तंत्रज्ञ निघत होता त्या नेत्रपेढीच्या जीपमध्ये बसवून दिलं.

हे कळलं तेव्हा मी अध्यक्षांवर चिडले. "त्या गाडीत? ती त्याला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवेल."

"मग काय करायचं होतं? तंत्रज्ञ येऊन बसला असता आणि मुलगी स्टँडवर राहिली असती."



पारोळ्यानंतर दोघांचे फोन लागेनात. एरंडोलच्या पुढे ट्रक आडवा झाल्याचं कोणीतरी ओट्यावर सांगितलं. ट्रान्सपोर्टवालीने तिच्या एका ड्रायव्हरला फोन केला. तो त्याच रांगेत अडकला होता. "मागे चालत जा, नेत्रपेढीची जीप शोध आणि धरणगाववरून वळवायला सांग," असं तिने बजावलं. जीप वळली की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी कापूस भिजवत राहिले. बर्फाचं पाणी फरशीवरून दारापर्यंत आलं. सहा तास संपत आले होते.

जीप आली. नणंद उतरली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एक निळा बर्फाचा डबा होता. तो तिने तंत्रज्ञाच्या हातात दिला आणि मगच ती घरात धावली. आईजवळ बसून खूप रडली. मग कापूस उचलून चेहरा पाहिला आणि कापूस होता तसा परत ठेवला.

ओट्यावरून आबा आत आले. "बोल माय. तू म्हनशीन तसं."

"घेऊ द्या, आबा."

नवऱ्याने संमतीपत्रावर सही केली, शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. तंत्रज्ञाने आतून दार लावून घेतलं. दार उघडल्यावर आबांनी वाकून वहिनीचा चेहरा नीट निरखला.

"डोये काढले ते काहीच समजून नाही राह्यलं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

अध्यक्षा खुर्चीतून उठल्या. मानेवर बोर्डाचा वळ उमटला होता. "आता लावा पंखा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मोरीत हातपाय धुताना मी नणंदेला विचारलं, "ताई, गाडीत त्याने काय सांगितलं तुम्हाला?"

"काही नाही. रात्रभर जागा होता, मागच्या सीटवर माझ्या शेजारीच झोपून गेला. मधे तो डबा ठेवला होता, खड्ड्यात कलंडायला लागला. मग मीच मांडीवर धरला. धुळ्याच्या कोणाचे तरी होते त्यात." तिने चूळ भरली. "तू मला फोनवर नीट सांगायचं होतंस."

"तुम्ही फोन ठेवलात."

"ठेवला खरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले. बिबड्या दिवसभर उन्हात राहून धोतरांना घट्ट चिकटल्या होत्या. एका धोतराची वाऱ्याने गुंडाळी झाली होती, ती बाजूला फेकली. बाकीची उलटी केली, पाठीमागून पाणी शिंपडलं आणि एकेक सोडवायला लागले. नणंद वर आली.

"सुतकात हे काय काढलंस?"

"घातल्या तेव्हा सुतक नव्हतं."

ती दुसरं टोक धरून बसली. ज्या अख्ख्या निघाल्या त्या मी पुन्हा वाळवून डब्यात भरल्या. तेरावं झालं की धुळ्याला पाठवायच्या म्हणून डबा माळ्यावर ठेवला आणि नणंदेकडून तिला जीपमध्ये बसवून देणाऱ्या त्या बाईंचा पत्ता विचारून घेतला.