रिकाम्या नळीतलं टेकाड

आमच्या लॅबमधले एनएमआर, म्हणजे चुंबकाच्या जोरावर पदार्थ ओळखणारं यंत्र चालवणारे काका त्या चुंबकाजवळ जाण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून चपलेत ठेवतात. पीएचडीचा पत्ता नसताना मला पहिल्या दिवसापासून "डॉक्टरसाब" म्हणत.

बोरॉन-कार्बनच्या पिंजऱ्याला, म्हणजे कार्बोरेनला, मी कोबाल्ट जोडू पाहत होतो. नमुना काचेच्या नळीत भरून यंत्रात ठेवला, तर आलेखात बोरॉनचं रुंद टेकाड दिसलं. नवा पदार्थ! मुनिरक्यातल्या खोलीवरच्या रूममेटला समोशांचं आमंत्रण देऊन मी माझ्या गाइड सरांकडे निघालो.

"रुकिए, डॉक्टरसाब." काकांनी रिकामी नळी यंत्रात सोडली. तेच टेकाड! बोरॉन नळीच्या काचेतच होतं.

रुमालात गुंडाळलेली बिनबोरॉनची, क्वार्ट्झची नळी देत ते म्हणाले, "इसमें भर, बेटा."

सरांना त्यांनी माझी ही फजिती आजवर सांगितलेली नाही. माझी डॉक्टरकी मात्र गेली. तेव्हापासून मी बेटाच.