वेशीवरचा दगड

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. बोरीच्या पुढे एका खेड्यात मी मास्तर होतो. माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, पण ते सांगायची तेव्हा लाज वाटायची. रझाकारांची भाषा म्हणून लोक नाक मुरडायचे.

गावाला दगडी वेस होती. कमानीवर उर्दू लिपीत चार ओळी कोरलेल्या. बैलगाडी त्या कमानीतून कशीबशी जायची, मोटार जाणं शक्य नव्हतं. गावात मोटार यावी म्हणून वेस पाडायचं ठरलं.

वेशीबाहेर धनगरांची पाच-सहा घरं होती. हे गाव आमच्या वाडवडलांनी वसवलं, असं ते सांगायचे आणि चावडीत सगळे हसायचे. पाडायच्या दिवशी त्यांच्यातला एक म्हातारा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "मास्तर, तुमाला ते वाचता येतंय म्हनं. पाडायच्या आदी सांगा तरी, काय लिवलंय?"

मी वर पाहिलं. काही शब्द फारसी होते, तरी अर्थ लागला. दुष्काळात गाव ओसाड पडलं होतं. मेंढरं घेऊन आलेल्या धनगरांनी विहीर उपसून पुन्हा वस्ती केली, आणि मग जहागीरदाराने ही वेस बांधली.

पाटील शेजारीच उभे होते. चावडीत सगळ्यांत मोठ्याने तेच हसायचे.

"विशेष काही नाही. बांधणाऱ्याचं नाव आहे, अन् दुवा."

"येवढंच?"

"एवढंच."

म्हातारा बाजूला झाला. दुपारपर्यंत कमान उतरली. ओळी कोरलेल्या दगडाचीही घणाने खडी केली आणि सडकेत घातली.

महिनाभर मला चैन पडेना. शेवटी त्या म्हाताऱ्याच्या घरी गेलो. तो अंगणात मेंढरू कातरत होता. मी खरं काय ते सांगितलं. त्याने कातर खाली ठेवली.

"मंग त्या दिशी का न्हाई बोललात?"

मी खाली पडलेली लोकर गोळा करू लागलो.

"आता तरी चावडीत सांगा. माझं कोन ऐकतंय? तुमचं समदे ऐकतेत."

"सांगतो," म्हणालो. पण पेरण्या आल्या. मग पाटलांनी शाळेला आपल्या वाड्यातली खोली दिली, त्यांच्यासमोर हा विषय काढणं अवघड झालं. तेवढ्यात मानवतला बदली झाली. तिथे गावच्या चावडीला दोनदा पत्र लिहायला बसलो. आधी खोटं का बोललात, असं विचारतील, या भीतीने दोन्ही वेळा कागद फाडले.

पुढच्या वर्षी मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, त्या गावचा एक शेतकरी भेटला. म्हातारा वारला होता. मुलं मेंढरं घेऊन जिंतूरकडे निघून गेली होती.

"वेशीभाईर आता कोनी न्हाई, मास्तर. त्या जागंवर कडब्याच्या गंजी लावल्यात."

मी मान हलवली आणि त्याला यंदा कापूस कसा आहे ते विचारलं.