ताईची शिकायची कंपनी

ताई पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत शिकायला गेली आणि आमच्या घरात किस्से साचू लागले, मेंढरं कातरल्यावर अंगणात लोकर साचते तसे. ती सुट्टीला आली की नवे सांगते, आई त्यात भर घालते. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्याकडे जमा आहेत.

ताईचं असं आहे, आठवडाभर मशीनवर काम आणि शनिवारी डिग्रीचा ऑनलाइन वर्ग. फी कंपनी भरते, वर पगारही देते. फक्त वर्षाअखेरीस साहेबांचा शेरा चांगला पाहिजे, नाहीतर घरी. मी दहावीत. अप्पांनी मला सांगून ठेवलं होतं, "तिचं जमलं तर तुझं बघू." म्हणून प्रत्येक किश्शाला मी हसायचे, पण लक्ष शेऱ्याकडे असायचं.

*

गावाजवळच्या वारंगा फाट्यावर चहा पिताना अप्पांना एकाने विचारलं, "पोरगी शिकायला गेली का कामाला?"

"दोन्ही."

"म्हणजे शिकवतेत बी तेच आन् पगार बी तेच देतेत?"

"व्हय."

त्या माणसाने उरलेला चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "अप्पा, नीट बघा. ह्यात कुणीतरी फसून राहिलंय."

*

आमच्याकडे मेंढरं किती, हा आकडा कुणी तोंडाने सांगत नाही. नजर लागते. कुणी विचारलंच तर "हायत थोडी" म्हणायचं.

संध्याकाळी साहेबांनी ताईला विचारलं, "किती पार्ट झाले?"

"हायत थोडे, सर."

रोज हेच उत्तर. शेरा लिहिणारे हेच साहेब! शेवटी वैतागून ते स्वतःच ट्रे मोजायला बसले. मोजून उठले आणि म्हणाले, "बाई, तुझ्याकडे जास्त म्हणजे किती असतात?"

*

दिवाळीत ताई घरी होती, पण वर्ग चुकवता येत नव्हता. रेंज फक्त बांधावरच्या लिंबाखाली येते. लेक्चर लांबत चाललं, तशी आई ताट घेऊन बांधावर गेली. सरांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" ताईने माइक चालू केला आणि आईच वाकून म्हणाली, "सर, लेकरू सकाळपासून उपाशी हाय. कवा सोडता?"

सरांनी तिथेच वर्ग सोडला. पुढच्या शनिवारी लेक्चर लांबलं, तेव्हा वर्गातल्या एका मुलाने ताईला मेसेज केला, "आज काकू नाहीत का?"

*

शेरा यायचा होता त्याच आठवड्यात मामा ताईसाठी स्थळ घेऊन आले. "दाजी, पोरगं बराबर हाय. काहून थांबून राहिले?"

अप्पा काही बोलणार, तेवढ्यात ताईचा फोन आला. शेरा चांगला होता, दुसरं वर्ष पक्कं झालं होतं. आई चहा टाकायला उठली. मी आत जाऊन एकटीच हसले.

मामांनी विचारलं, "मंग पोराकडच्याह्यले काय सांगू?"

अप्पा म्हणाले, "सांग, पोरगी ड्युटीवर हाय."

*

मग कंपनीने घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं. अप्पा एकटेच गेले. आत सोडताना त्यांच्या वहाणा बाहेर ठेवून घेतल्या आणि पायात कंपनीचे जाड बूट दिले. ताई सांगत होती, अप्पा सगळीकडे फिरले. निघताना मात्र पोरींच्या बुटांची रांग होती तिथे थांबले आणि बराच वेळ बघत राहिले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कशी हाय कंपनी?"

"हाय बराबर."

एवढं बोलून जेवायला बसले. जेवण झालं. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या पायाला किती नंबर लागतो गं?"