नवसाच्या कोंबड्याची बांग

आमच्या कोंबड्याला गप्प बसवायची युक्ती माझी होती आणि तिचं श्रेय मी कुणाला देणार नाही. मान उंच ताणल्याशिवाय कोंबड्याला आरवता येत नाही. म्हणून दिवेलागणीला मी त्याला साबणाच्या बुटक्या खोक्यात घालायची, वर फळी टाकायची आणि फळीवर वरवंटा ठेवायची. आत बसायला ऐसपैस जागा, मान वर करायला मात्र नाही. पहाटे तो आतल्या आत घुमायचा आणि चडफडत गप्प व्हायचा. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

हे सगळं करावं लागलं वकीलसाहेबांमुळे. हैदराबादेत, बरकतपुऱ्यात त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आई आणि मी भाड्यानं राहत होतो. परभणीकडे, आमच्या गावाच्या आसपास जाळपोळ सुरू झाली, तेव्हा वडिलांनी आम्हाला शहरात आणून सोडलं आणि ते स्वतः शेत राखायला परत गेले. येताना आईनं दोन लुगडी, ज्वारीचं पीठ आणि हा तांबडा कोंबडा आणला. आदल्या साली मुदतीच्या तापात मी जवळजवळ गेलेच होते. पोर वाचली तर कोंबडा कापीन, असं आई गावच्या देवीला बोलली होती. मी वाचले, पण नवस फेडायच्या आत गाव सुटलं, आणि वडील परत गेल्यावर गावाकडचे रस्तेही बंद झाले.

तिसऱ्याच दिवशी सकाळी वकीलसाहेब दारात आले. जुनं शहरी घराणं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कचेरीतलं उर्दू.

“बाई, ह्या मुर्ग्यानं माझी झोप हराम केली. आठ दिवसांची मोहलत देतो. बंदोबस्त करा, नाहीतर खोल्या खाली करा.”

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “नवसाचा हाय त्यो. इकता येत न्हाई, कुणाला देता येत न्हाई. कापायचा तर देवीम्होरंच. तुमी रस्ता उघडून द्या, म्या उद्याच जाते.”

रस्ता उघडणं काही वकीलसाहेबांच्या हातात नव्हतं. ते पुटपुटत निघून गेले. एवढ्या मोठ्या माणसाला आईनं बसल्या जागी गार केलं, याचा मला केवढा अभिमान वाटला! त्याच संध्याकाळी मी खोका शोधला.

वकीलसाहेब कोर्टात गेले की मी वरवंटा काढायची. कोंबडा बाहेर येऊन अंग झाडायचा आणि भर दहा वाजता असा आरवायचा की शेजारची तेलुगू अम्मा पोट धरून हसायची. “कोंबडा झाकला म्हणून उजाडायचं ऱ्हात न्हाई,” आई म्हणायची. मला मात्र उजाडायलाच नको होतं. रस्ते बंद होते तोवर तो जगणार होता. तो माझ्या हातून दाणे खायचा, माझ्यामागून नळापर्यंत यायचा. रस्ते उघडू नयेत, असं मी रोज मनात म्हणत होते. वडील त्याच रस्त्यांच्या पलीकडे होते, त्यांची चिठ्ठी येत नव्हती, आई झुरत होती, तरी मी तेच म्हणत होते. कुणाला वाईट वाटायचं तर वाटू दे. दहा वर्षांच्या मुलीच्या मनात जे होतं ते होतं.

मग हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवस गल्लीत दारं बंद, कुणी मोठ्यानं खोकतसुद्धा नव्हतं, आणि मी खोक्यावर हात दाबून बसलेली. एका संध्याकाळी वकीलसाहेबांच्या रेडिओवर कळलं, लढाई संपली, आता हैदराबाद हिंदुस्थानात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः अंगणात आले. “पोरी, आज त्याला सोड. खुशाल ओरडू दे.” तो मान ताणून आरवला, तसे ते आईकडे वळले. “मुबारक, बाई. आता रस्ते उघडतील. गावी जा, नवस फेडा.”

गल्लीत मिठाई वाटली जात होती आणि मी कोंबड्याला कवटाळून न्हाणीत रडत होते.

पंधरवड्यात वडील आले. वाळले होते, पण धड होते. आई म्हणाली, “उद्या निघू. त्याचे पाय बांध.”

“मी देणार नाही.”

“देवीचा हाय त्यो.”

“जीव माझा वाचला ना? मग देवीला म्हणावं, माझ्याशी बोल.”

तिनं मला फाडकन मारली. पुन्हा हात उचलला, तरी मी कोंबडा सोडला नाही. आईचा हात तसाच वर राहिला. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, “फुडल्या साली.”

गावी देवीपुढं तिनं नारळ फोडला, कान धरले आणि तेच सांगितलं. पुढच्या साली पुन्हा तेच. कोंबडा म्हातारा होऊन मेला.

नवस मी मोडला आणि ते मी आजही ताठ मानेनं सांगते. पण त्यानंतर मला साधी शिंक आली तरी आई हातातलं काम टाकून माझ्या कपाळाला हात लावायची. माझं लग्न झालं, मुलं झाली, तरी लावायची. मी देवीला कधीच भ्याले नाही. माझ्या वाटणीचं आईच भ्याली, मरेपर्यंत.